डाळ शिजली तर

आम्ही चिक्कू नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण वरच्या मजल्यावरच्या बाईंचं आमच्याबद्दल तसंच मत आहे, आणि त्या जन्मभर शाळेत शिकवत होत्या, त्यामुळे एकदा दिलेले मार्क त्या बदलत नाहीत. मी चिक्कू नाही, आळशी आहे. एकच काम दोनदा करायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. कपड्याला भोक मसुराएवढं असतानाच मी ते रफू करते, कारण तेव्हा दोन मिनिटं लागतात. मुठीएवढं झालं की अर्धा तास जातो. इस्त्री आठवड्यातून एकदाच करते आणि शेवटचे तीन रुमाल राहिले की प्लग काढून टाकते, उरलेल्या गरमीत ते होऊन जातात. भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठतं आणि गॅलरीतल्या कुंड्यांना जातं, कारण नळापासून गॅलरीपर्यंत वेगळी खेप घालायचा मला कंटाळा. यात पैसे वाचले असतील तर ते आपले आपण वाचले. मी काही त्यांच्या मागे धावले नाही.

माझा नवरा वेगळा. घरात मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, इथंही ‘हे’च म्हणते. हे बस डेपोत मेकॅनिक होते. यांना कष्टाचा कंटाळा नव्हता, पण वाया गेलेले कष्ट यांना बघवायचे नाहीत. मी गॅससमोर डाव घेऊन उभी आहे, डाळ काही शिजत नाही आणि दुकानात जायची वेळ झाली आहे, हे एकदा यांनी पाहिलं. मुलगी तेव्हा शाळेत होती. त्याच रविवारी हे डेपोतून एक रिकामं लाकडी खोकं घेऊन आले. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे, कॉलर उलटवणं, चेन बदलणं, पँट आखूड करणं. तिथली लोकरी कात्रणं मी पिशव्या भरभरून आणून दिली. यांनी ती खोक्यात चारी बाजूंनी ठासली आणि मधे आमच्या मोठ्या पातेल्याच्या मापाचा खड्डा ठेवला. वर जाडजूड उशी, उशीवर झाकण, झाकणाला कडी.

ती आमची पेटी. सकाळी डाळ गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळायची, झाकणासकट पातेलं पेटीत ठेवायचं, वर उशी दाबायची, कडी लावायची आणि निघून जायचं. दुपारी एक वाजता उघडली की डाळ मऊसूत. उतू जायचं भय नाही, करपायचं नाही, समोर उभं राहायला नको, आणि सिलिंडर पूर्वीपेक्षा दहा-बारा दिवस जास्त पुरायचा. वरच्या बाईंनी पेटी पाहिली आणि नाक मुरडलं. त्यांना वाटलं, आम्ही आता चूल पेटवायलाही काचकूच करतो.

पेटीचा नियम एकच होता. एकपर्यंत ती उघडायची नाही. “पेटी काही ऊब तयार करत नाही,” हे मला आणि मुलीला सांगायचे, आम्ही दोघी डेपोत नव्यानंच भरती झाल्यासारखं. “दिलेली ऊब ती धरून ठेवते, एवढंच. झाकण उघडलंत की संपलं.”

दोन वर्षांपूर्वी यांचं विसरणं सुरू झालं. आधी अवजारांची नावं गेली. मग डेपोतला एक जुना सोबती भेटायला आला, हे त्याच्याशी तासभर गप्पा मारत बसले, आणि तो गेल्यावर मला विचारलं, “कोण होता गं हा? माणूस चांगला होता.” डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते मी कागदावर लिहून घेतलं आणि कागद कुठं ठेवला तेच विसरले. हे मी यांना सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तेव्हा अजून हसता यायचं.

यंदा थंडी सुरू होताना एक दिवस मी दुकानातून आले तर गॅस पेटलेला, वर रिकामी किटली, आणि किटलीचा बुंधा काळाठिक्कर पडलेला. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्या दिवसापासून मी निघताना ओट्याखालचा सिलिंडरचा खटका बंद करायला लागले. चहा थर्मासमध्ये, जेवण पेटीत. विस्तवाशी यांचा संबंधच नको.

मुलगी दुसऱ्या गावात नर्स आहे. ती दर रविवारी फोन करते आणि लांबण लावत नाही.

“आई, तू सकाळी नऊला जातेस, साडेपाचला येतेस. मधे बाबा एकटे. डेपोच्या निवृत्त कामगारांसाठी ते निवास आहे ना, तिथं एक खोली रिकामी झालीय. मी बोलून ठेवलंय. महिनाअखेरपर्यंत थांबतील, मग पुढच्या माणसाला देतील.”

“मी काम सोडते.”

“काम सोडलंस तर खाणार काय? आणि तूही साठीला आलीस. रात्री ते उठले की तू उठतेस. दोघांना मी कुठं बघू?”

“त्यांचं त्यांना सगळं करता येतं,” मी म्हणाले. “अंघोळ करतात, कपडे घालतात. एक वाजता पेटी उघडून वाढून घेतात.”

“वेळेवर उघडतात?”

इथं मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. मला वाटलं, हे जिंकणं अगदी सोपं आहे. यांनी स्वतःच्या हातानं केलेली पेटी, वीस वर्षांचा नियम. “महिनाभर बघ,” मी म्हणाले. “रोज डाळ शिजली तर बाबा घरी. नाही शिजली तर तू म्हणशील तसं.”

“डाळीवर ठरवणार आहेस?”

“घड्याळ बघून एक गोष्ट वेळेवर करायची आणि तोवर हात लावायचा नाही. यापेक्षा मोठी परीक्षा तुझे डॉक्टर तरी घेतात का?”

ती हो म्हणाली. मी कॅलेंडरवर तारखेखाली लिहायला सुरुवात केली. शिजली तर ‘शि’, कच्ची तर ‘क’. खोटं लिहायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं, आणि मी लिहिलंही नाही.

पहिले चार दिवस ‘शि’. पाचव्या दिवशी संध्याकाळी पातेलं उघडलं तर वर पाणी, खाली डाळ, दाणा दाताखाली कटकन मोडणारा. यांनी थोडा भात खाल्ला होता, डाळीला हात लावला नव्हता.

“मधेच उघडली होती ना?” मी विचारलं.

“नाही बुवा.”

“मग ही अशी कशी राहिली?”

हे पेटीजवळ वाकले, कडी वरखाली करून बघितली, उशी दाबून बघितली. “पेटी तर चांगली आहे,” म्हणाले. खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना यांचे कान लाल होतात, ते झाले नव्हते.

मी डाळ पुन्हा गॅसवर चढवली आणि पुन्हा डाव घेऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी ‘क’. तिसऱ्या दिवशीही. माझं डोकं फिरायला लागलं. पेटीवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला, ‘एक वाजेपर्यंत उघडू नये’. तरी ‘क’. मी कधी गोड बोलून सांगितलं, कधी आदळआपट केली. एकदा तर मी म्हणाले, “लहान मुलालासुद्धा एवढं कळतं.” हे मान खाली घालून बसले. ते वाक्य आठवलं की अजून माझी मान खाली जाते.

आणि या सगळ्यात रोज संध्याकाळी मी दार उघडलं की हे माझे लोकरीचे मोजे हातात घेऊन उभे. दुकानात दिवसभर शिलाई मशीनवर बसून माझे पाय लाकडासारखे होतात. ते यांना तरुणपणापासून माहीत. मोजे कोमट असायचे. मला वाटायचं, खिडकीत उन्हात ठेवत असतील. “मोज्यांचं बरं लक्षात राहतं तुमच्या,” मी एकदा म्हणाले, तेही हातात कच्च्या डाळीचं पातेलं धरून.

महिना संपायला नऊ दिवस उरले होते. सकाळी अकराच्या सुमाराला दुकानातली वीज गेली. संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं तेव्हा मालकीणबाईंनी सगळ्यांना घरी पाठवलं. मी माझ्या किल्लीनं दार उघडलं. स्वयंपाकघरातून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मी चपला हातात घेऊन दारापर्यंत गेले. आज रंगेहाथ पकडते, असंच माझ्या मनात होतं, उगाच चांगलं सांगत नाही.

हे पेटीसमोर स्टुलावर बसले होते. कडी काढली, झाकण उचललं, उशी उचलली. पातेल्याच्या झाकणावर माझे मोजे ठेवलेले होते, जोडीनं, नीट. यांनी एकेक मोजा हातात घेऊन दाबून बघितला, गालाला लावून बघितला, मग दुसऱ्या बाजूनं उलटून परत ठेवला. उशी, झाकण, कडी. घड्याळाकडे बघितलं. दोन-तीन मिनिटं गेली असतील, पुन्हा कडी काढली.

मी आत पाऊल टाकलं तसे हे दचकले. “अगं, तू लवकर? अजून तापले नाहीत.”

“काय करताय?”

“तुझे पाय,” हे म्हणाले. “गार पडतात ना.”

मी तिथंच जमिनीवर बसले. मला आधी हसू आलं, माणसानं डाळीच्या डोक्यावर मोजे वाळत घातले होते. मग ते हसू कुठल्या कुठं गेलं आणि मला रडू आवरेना. हे घाबरले. स्टुलावरून उतरून माझ्याशेजारी बसले आणि माझे पाय हातात घेऊन चोळायला लागले. पंधरा दिवस मी यांच्यावर ओरडत होते, कागद चिकटवत होते, आणि हे रोज न चुकता माझी एक गोष्ट लक्षात ठेवत होते. त्या गोष्टीपायी डाळ कच्ची राहत होती, एवढंच यांच्या लक्षात राहत नव्हतं.

रविवारची वाट न बघता मी मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. “बघ,” मी म्हणाले, “ते विसरत नाहीत. त्यांना रोज आठवतं.”

ती रडत होती, मला ऐकू येत होतं. मग तिनं नाक पुसलं आणि नर्ससारखी बोलली. “आई, पेटी उघडायची नाही, हे त्यांना आठवलं का?”

“नाही.”

“तू कागद लावलास तरी?”

“नाही. पण का उघडली ते तर बघ.”

“मी बघते आहे गं. म्हणूनच मला भीती वाटते. ते तुझ्यासाठी काहीही करायला जातील.”

माझ्या लेकीला तेव्हाच कळलं होतं. मला मात्र तिचा राग आला. मी म्हणाले, महिनाभराचं ठरलंय, अजून नऊ दिवस आहेत, आणि फोन ठेवला.

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला उपाय सुचला आणि मी स्वतःवरच खूश झाले. दुसऱ्याच दिवशी दुकानातून एक छोटं खोकं आणलं. त्यात कात्रणं भरली, वर एक उशी शिवली आणि चिठ्ठी लावली, ‘मोजे’. मोठ्या पेटीवर चिठ्ठी, ‘डाळ’. यांना दोन्ही दाखवलं. “मोजे इकडे, डाळ तिकडे. हिला हात लावायचा नाही, हिला लावायचा.”

“झकास,” हे म्हणाले. छोट्या पेटीचे कोपरे तपासले, माझी शिलाई बघितली आणि मान डोलावली. यांनी कामाची तारीफ केली की मला अजून लाजायला होतं.

आणि डाळ शिजली. पहिल्या दिवशी शिजली, दुसऱ्या दिवशी शिजली, तिसऱ्याही. कॅलेंडरवर ओळीनं तीन ‘शि’ बघून माझे पाय जमिनीवर ठरेनात. वरच्या बाई जिन्यात भेटल्या तर त्यांना थांबवून मी सगळी हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, “डोकं आहे हो तुम्हाला.” त्यांच्याकडून एवढे मार्क मला पहिल्यांदाच मिळाले.

फक्त संध्याकाळी दारात मोजे मिळायचे ते गारढोण असायचे. पहिल्या दिवशी मी ते पायात चढवले आणि म्हणाले, “वा, मस्त गरम आहेत.” यांनी माझ्याकडे बघितलं. “नाहीत,” म्हणाले. “नाही तापले.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “नव्या पेटीत काहीतरी गडबड आहे.” तिसऱ्या दिवशी मी आले तेव्हा छोटी पेटी उलटी करून हे तिच्यासमोर बसले होते, सगळी कात्रणं जमिनीवर.

“असू द्या हो,” मी म्हणाले. “चालतंय मला.”

माझ्यासारखी मूर्ख बाई नाही. तीस वर्षं मेकॅनिकबरोबर संसार केला आणि बिघाड सापडलेला मेकॅनिक ‘असू दे’ म्हणत नाही, एवढं मला कळू नये. आणि बिघाड काय होता ते तर यांनीच मला शंभरदा सांगितलं होतं. रिकाम्या पेटीत ऊब येणार कुठून? आत गरम काही ठेवल्याशिवाय ती धरून काय ठेवणार? हे बाकी सगळं विसरले होते, पण एवढी एक गोष्ट विसरले नव्हते.

चौथ्या दिवशी बाराच्या सुमाराला दुकानातल्या फोनवर वरच्या बाई होत्या. “आधी ऐकून घ्या,” त्या म्हणाल्या, “ते बरे आहेत.” पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी मशीन तसंच सोडून निघाले.

घरी पोचले तेव्हा जिन्यातच धुराचा वास होता. यांनी ओट्याखाली हात घालून सिलिंडरचा खटका उघडला होता. तो कुठं असतो हे यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण हातांना माहीत होतं. छोट्या पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवलं होतं; ते तापलं की मोज्यांच्या पेटीत ठेवायचं, अगदी बरोबर बेत होता. मग हे बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. पाणी आटलं, पातेलं जळलं, बाजूचं फडकं पेटलं, फडक्यावरून पडदा. वरच्या बाईंनी दार वाजवलं तेव्हा यांनी दार उघडून “या, बसा” म्हटलं. बाईच आत धावल्या आणि भाजीच्या पाण्याची बादली पडद्यावर ओतली. आणखी पाच मिनिटं गेली असती तर काय झालं असतं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

स्वयंपाकघराची भिंत छतापर्यंत काळी झाली होती. हे खुर्चीत बसले होते, मोजे मांडीवर. उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती. मोठ्या पेटीची कडी जशीच्या तशी लावलेली होती. त्या दिवशीही डाळ शिजली होती.

संध्याकाळी मी ते जळलेलं पातेलं घेऊन मोरीत बसले. नवं आणता आलं असतं, पण मला पातेलं टाकवेना. सोडा टाकून घासत होते, खरवडत होते, काळं काही निघत नव्हतं. हात दुखत होते. भिंत घासायची होती, पडदा शिवायचा होता, बाईंची माफी मागायची होती, मुलीला फोन करायचा होता. हे स्टूल घेऊन दाराशी येऊन बसले. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होते.

“सगळ्यात जास्त कष्ट कशाचे पडतात गं तुला?”

हा यांचा जुना प्रश्न. आमच्या घरातली प्रत्येक सोय या प्रश्नातून आली होती. दोरीवर उंच कपडे घालताना माझे खांदे दुखतात म्हटलं, तर यांनी दोरी खालीवर करायची कप्पी लावली. बादल्या उचलायचा त्रास म्हटलं, तर नळाला पाइप आला. हे विचारायचे, मी सांगायची, आणि येत्या रविवारी ते कष्ट कमी व्हायचे. वर्षभरात यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. मला वाटलं होतं, तोही गेला.

मी पाठमोरी होते. मान वर न करता मी म्हणाले, “तुमचे.”

“बरोबर आहे,” हे म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ होता, डेपोत असायचा तसा. “मग तेच आधी कमी करायला पाहिजेत. ती मुलगी म्हणते ना, आमच्या लोकांची जागा. तिथं राहतो मी. तुझे तेवढे वाचतील.”

मी वळायला हवं होतं. ओले हात तसेच घेऊन यांच्याजवळ जायला हवं होतं, आणि म्हणायला हवं होतं, काहीतरीच काय, मी रागात बोलले. मी वळले नाही. मी पातेलं घासत राहिले, कारण त्या क्षणाला मला हलकं वाटलं. कुणीतरी डोक्यावरची पाटी उतरवून घ्यावी तसं. मला लाज वाटली आणि तरी हलकं वाटत राहिलं. थोड्या वेळानं स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि हे आत निघून गेले.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी चहा ओतून दिला आणि यांच्यासमोर बसले. “काल मी जे बोलले ना, ते मनावर घेऊ नका. मी दमले होते.”

“काय बोललीस?” यांनी विचारलं. भाजलेली बोटं यांनी कपाला न लावता बाजूला धरली होती, आणि ती कशी भाजली हेही यांना ठाऊक नव्हतं. काळ्या भिंतीकडे बघून म्हणाले, “हे काय झालं इथं?”

माफी मागायची तर आधी गुन्हा सांगावा लागतो. मी सगळं पुन्हा सांगू शकले असते, तुम्ही असं विचारलंत, मी असं म्हणाले, तुम्ही असं म्हणालात. मी तोंड उघडलंही. पण मग हे कदाचित म्हणाले असते, छे, मी कशाला जाऊ घर सोडून? आणि मग मला यांना ठेवून घ्यावं लागलं असतं. मी काळी भिंत पाहिली. “दिवा भडकला होता,” मी म्हणाले आणि कप उचलून नेला.

दुपारी मुलीला फोन केला. पेटलेल्या पडद्याचं सांगितलं. मग मी म्हणाले, “खोली घे त्यांची.”

“बाबांना कसं समजावलंस?”

“मला समजवावं लागलं नाही. त्यांनीच ठरवलं. म्हणाले, आईचे कष्ट वाचतील.”

तिचा जीव भांड्यात पडला, ते मला श्वासावरून कळलं. “बाबा असेच आहेत,” ती म्हणाली आणि हुंदका आवरत राहिली. “शेवटपर्यंत तुझाच विचार.” मी हूं म्हटलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि माझ्या आयुष्यात मी यापेक्षा मोठं खोटं बोललेले नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती गाडी घेऊन आली. मी यांची बॅग भरली होती. यांनी नवा शर्ट घातला, भांग पाडला, वरच्या बाईंना नमस्कार केला. यांना वाटत होतं, आपण मुलीकडे चाललोय. मुलगी गाडी चालवत होती, आम्ही दोघं मागे बसलो होतो. शहर संपलं, मोकळा रस्ता लागला, तसं यांनी बाहेर बघितलं आणि मला विचारलं,

“हा तिच्या घराचा रस्ता नाही. कुठं निघालोय आपण?”

“डेपोच्या निवासात,” मी म्हणाले. “तुम्ही आता तिथं राहणार आहात. तुमच्या लोकांत.”

“मी?” हे थांबले. “कुणी ठरवलं?”

मुलीनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

“तुम्हीच.”

यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आठवायचा प्रयत्न करत होते, अगदी मनापासून. मग आठ्या गेल्या.

“मग काहीतरी विचार करूनच ठरवलं असेल मी,” हे म्हणाले आणि भाजलेल्या बोटांचा हात माझ्या हातावर ठेवला. “तुला नाही ना त्रास होणार, एकटीला?”

“नाही,” मी म्हणाले.